एफएम ट्रान्समीटरचा कॅरिअर: साइन घ्यायचा की स्क्वेअर, आणि ते नक्की कुठल्या टप्प्यावर

हॅमचं, म्हणजे हौशी रेडिओचं, लायसन्स हातात आलं की महिन्याभरात सोल्डरिंग आयर्न तापतंच, आणि दोन मीटर बँडवर स्वतःचा एफएम ट्रान्समीटर बांधायचं मनात घेतलं की पहिला प्रश्न हमखास हा पडतो की कॅरिअर (आवाज ज्याच्यावर बसवून पाठवतात ती मूळची वेव्ह) साइन, म्हणजे गोलसर, पाहिजे म्हणतात, पण माझ्याकडची चिप तर स्क्वेअर, म्हणजे चौकोनी, देते, मग चालेल का. माझं उत्तर असं आहे: ट्रान्समीटरच्या पोटात स्क्वेअर चालते, काही ठिकाणी तर तीच हवी असते, पण अँटेनाच्या सॉकेटमधून बाहेर पडताना साइन आणि फक्त साइन. त्यामुळे "कुठला आकार" याच्याइतकाच महत्त्वाचा प्रश्न आहे "कुठल्या टप्प्यावर", आणि तो बहुतेक जण विचारतच नाहीत.

पूर्ण लेखात एकच उदाहरण धरलंय, १४५ मेगाहर्ट्झ, ५ वॅट, बोलण्यासाठीचा सेट. आपल्याकडे हॅमला दोन मीटरवर १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ मिळतात. लायसन्स अजून आलं नसेल तर वाचा, पार्ट जमवा, ऑडिओचा भाग आणि फिल्टर बांधून ठेवा, पण कॅरिअर चालू करू नका. आणि हॅमचं लायसन्स असलं म्हणून ८८ ते १०८ वर गाणी लावायला मिळत नाहीत, ते त्यात बसत नाही, हे बऱ्याच पोरांना माहीतच नसतं म्हणून आधीच सांगून टाकतो.

आधी हे समजून घ्या, बाकी सगळं यावर उभं आहे

एएममध्ये आवाज कॅरिअरच्या उंचीत असतो, त्यामुळे उंची कापली की आवाज फाटतो. एफएममध्ये उंचीत काहीच नसतं. सिग्नल शून्याची रेघ कधी ओलांडतो, लवकर ओलांडतो की उशिरा, तेवढ्यातच सगळी माहिती असते. तुम्ही साइनचे वरचे-खालचे शेंडे कापून टाका, तिची स्क्वेअर झाली तरी शून्य ओलांडायच्या जागा जिथल्या तिथेच राहतात. एफएम रिसीव्हरमधला लिमिटर हेच करतो, आलेला सिग्नल पुरता चपटा करून मगच डिमॉड्युलेट करतो. म्हणून आवाजाच्या दृष्टीने बघितलं तर कॅरिअर साइन असो की स्क्वेअर, समोरच्याला तोच आवाज ऐकू येतो.

मग घोळ कुठे आहे? घोळ शेजाऱ्यांकडे आहे. स्क्वेअर म्हणजे एकटी फ्रीक्वेन्सी नसते, तिच्यासोबत तिसरी, पाचवी, सातवी अशी विषम हार्मोनिकची, म्हणजे मूळच्या तिप्पट, पाचपट, सातपट फ्रीक्वेन्सींची, वरात असते. तिसरी मूळच्या एक तृतीयांश उंचीची, म्हणजे फक्त साडेनऊ डीबी खाली (१० डीबी खाली म्हणजे ताकद दहावा हिस्सा), पाचवी १४ डीबी खाली, सातवी जवळपास १७. करवतीच्या दातांसारख्या सॉटूथमध्ये सम-विषम सगळ्याच असतात आणि दुसरी फक्त ६ डीबी खाली. ट्रँगल त्यामानाने शांत, तिची तिसरी १९ डीबी खाली, पण १४५ मेगाहर्ट्झला ट्रँगल किंवा सॉटूथ बनवायच्या फंदात कोणी पडत नाही आणि पडूही नये, त्यातून मिळत काहीच नाही. त्यामुळे खरा सामना साइन आणि स्क्वेअर या दोघींचाच.

आता एक गोष्ट, जी पुस्तकात एका ओळीत उरकतात पण इथे फार कामाची आहे. एफएम झालेल्या कॅरिअरचं हार्मोनिक घेतलं की डेव्हिएशनही, म्हणजे आवाजामुळे फ्रीक्वेन्सी मधल्या जागेपासून जितकी सरकते तो आकडाही, तितक्याच पटीने वाढतं. १४५ ला ५ किलोहर्ट्झ डेव्हिएशन असेल तर ४३५ ला ते १५ होतं. म्हणजे तुमचा कचरा नुसता दुसऱ्याच्या दारात पडत नाही, तो मूळच्या दुपटीहून जास्त जागा अडवून पडतो. आणि हीच गोष्ट उलटी वापरली की फायदाही होतो, ते पुढे मल्टिप्लायरमध्ये येईलच.

(कीबोर्ड-सिंथेसायझरवाल्यांचं एफएम वेगळं. १९८३ च्या यामाहा डीएक्स ७ सारख्या वाद्यांमध्ये कॅरिअर आणि मॉड्युलेटर दोन्ही ऐकू येणाऱ्या पट्ट्यातले असतात, तिथे वेव्हचा आकार बदलला की सुराचा पोत बदलतो. तिथले सल्ले रेडिओला लावू नका.)

पायरी १: आधी कागदावर बँडविड्थ काढा

कार्सनचा नियम सोपा आहे, डेव्हिएशन आणि ऑडिओची सगळ्यात वरची फ्रीक्वेन्सी यांची बेरीज करायची आणि दोनने गुणायचं. आपलं डेव्हिएशन ५ किलोहर्ट्झ, ऑडिओ ३ पर्यंत, म्हणजे १६ किलोहर्ट्झ. डेव्हिएशन अडीच ठेवलं तर ११. ब्रॉडकास्ट एफएमचं डेव्हिएशन ७५ आणि मोनो ऑडिओ १५ पर्यंत, तिथे १८० येतात, म्हणून ते स्टेशन लांबलांब ठेवतात. गंमत म्हणजे ज्या जॉन कार्सनच्या नावाने हा नियम आहे त्याने १९२२ मध्ये गणिताने दाखवलं होतं की एफएमने बँडविड्थ वाचत नाही, आणि ते बरोबरच होतं, पण एडविन आर्मस्ट्राँगने त्याच्या नेमकं उलट जाऊन बँड मुद्दाम रुंद केला, त्यातून खरखर घालवली आणि १९३३ च्या डिसेंबरात पेटंट मिळवली.

डेव्हिएशन आधी ठरवायचं कारण म्हणजे पुढे सोर्स निवडताना "याला किती हलवता येईल" हा प्रश्न येणार आहे, आणि आपल्याला १४५ वर ५ किलोहर्ट्झ म्हणजे साधारण साडेचौतीस पीपीएम (दहा लाखात इतके भाग) हलवायचंय. हा आकडा लक्षात ठेवा.

पायरी २: हार्मोनिक कुठे पडतात त्याची यादी करा

ही पायरी कोणी करत नाही. पाच मिनिटं लागतात. १४५ ची दुसरी २९०, हा २२५ ते ४०० चा पट्टा बऱ्याच देशांत लष्करी विमानांच्या रेडिओला आहे. तिसरी ४३५, हा तर आपल्याच हॅम सॅटेलाइटचा पट्टा, ४३५ ते ४३८. तिथे लोक अंतराळातून येणारा अगदी क्षीण सिग्नल ऐकायला गच्चीवर यागी अँटेना घेऊन उभे असतात आणि तुमचा सेट शेजारून ओरडतोय. सहावी ८७०, ८५० च्या मोबाइल बँडमध्ये टॉवरकडून फोनकडे येणारा भाग ८६९ पासून सुरू होतो, तिथे.

ही यादी डोळ्यासमोर असली की मग फिल्टर "लावायचा म्हणून" लावला जात नाही. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या रेडिओ रेग्युलेशन्समध्ये बाहेर सांडणाऱ्या सिग्नलचं गणित आहे, ४३ अधिक पॉवरच्या लॉगच्या १० पट, ते ५ वॅटला ५० डीबी येतं. म्हणजे कुठलंही हार्मोनिक ५० मायक्रोवॅटच्या वर जाता कामा नये. स्क्वेअरची तिसरी साडेनऊ डीबी खाली असते म्हटलं ना, ५० च्या पुढे ते किती तोकडं आहे ते बघा.

पायरी ३: सोर्स निवडा

इथे लोक स्कोपवर (वेव्हचा आकार दाखवणारा ऑसिलोस्कोप) वेव्ह किती सुंदर दिसते ते बघून निवडतात. तसं करू नका. बघायच्या गोष्टी तीन: फ्रीक्वेन्सी जागेवर राहते का, तिला ऑडिओने हवं तेवढं हलवता येतं का, आणि तिच्यासोबत येणारा कचरा आपल्या सिग्नलपासून किती लांब पडतो. कचरा लांब असेल तर तो काढणं सोपं. जवळ असेल तर साइन असली तरी ताप होतो.

सगळ्यात स्वस्त म्हणजे एक ट्रान्झिस्टर, एक कॉइल, एक व्हॅरॅक्टर (व्होल्टेजने कपॅसिटन्स बदलणारा डायोड), असा एलसी, म्हणजे कॉइल-कपॅसिटरवर चालणारा, ऑसिलेटर. याच्यातून बऱ्यापैकी साइन मिळते आणि ऑडिओने हलवणंही एकदम सोपं, व्हॅरॅक्टरवर ऑडिओ सोडला की झालं. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत एका चक्करमध्ये सगळे पार्ट मिळतात. पण फ्रीक्वेन्सी जागेवर राहत नाही. नुसती १०० पीपीएम सरकली तरी १४५ वर ती साडेचौदा किलोहर्ट्झ झाली, म्हणजे तुम्ही शेजारच्या चॅनलवर. हात जवळ नेला, अँटेना हलली, बॅटरी उतरली, की सरकते. शिकायला उत्तम, पण पीएलएलने (ते पुढे येईल) लॉक केल्याशिवाय हवेत सोडू नका.

दुसरा जुना आणि अजूनही माझा आवडता रस्ता म्हणजे क्रिस्टल आणि मल्टिप्लायर. १२.०८३३ मेगाहर्ट्झचं क्रिस्टल घ्या, बाराने गुणा, १४५ मिळतात. हार्मोनिकसोबत डेव्हिएशन वाढतं म्हटलं ना, ते इथे उपयोगी पडतं, क्रिस्टलला फक्त ४१७ हर्ट्झ हलवायचंय, बाराने गुणल्यावर ते आपोआप ५ किलोहर्ट्झ होतं. आर्मस्ट्राँगचीही युक्ती हीच, कमी फ्रीक्वेन्सीवर थोडंसं हलवा आणि मग गुणत न्या.

आणि इथे आकाराचा प्रश्न उलटा होतो, इथे साइन नकोच. मल्टिप्लायरला हार्मोनिक पाहिजे असतात. तिप्पट करायची असेल तर बरोबर निम्मा वेळ वर, निम्मा वेळ खाली अशी स्क्वेअर द्या, तिच्यात तिसरी दणकून असते आणि दुसरी नसते. दुप्पट करायची असेल तर अशी समतोल स्क्वेअर कुचकामी, कारण तिच्यात दुसरी नाहीच, तिथे पल्स अरुंद करावी लागते. एक तृतीयांश वेळ वर ठेवली तर तिसरी गायब होते आणि दुसरी ६ डीबी खालीच उभी राहते. म्हणजे ड्यूटी सायकल फिरवून कुठलं हार्मोनिक हवं ते तुम्ही निवडू शकता, फार सुंदर प्रकार आहे हा, एकदा स्वतः करून बघाच.

पण मल्टिप्लायरची एक मेख आहे. बारा एका दमात केली तर बाराव्याच्या दोन्ही बाजूंना अकरावी आणि तेरावी येऊन बसतात. अकरावी १३२.९, म्हणजे विमानांच्या ११८ ते १३७ च्या बोलण्याच्या पट्ट्यात. तेरावी १५७.१, म्हणजे मरीन व्हीएचएफ, कोकणातल्या मासेमारी बोटींवर जो सेट असतो त्याचा पट्टा, ज्यात १५६.८ वर मदत मागायचा १६ नंबरचा चॅनल आहे. या दोन्ही ठिकाणी कचरा टाकणं म्हणजे कोणाच्या तरी जिवाशी खेळ. आणि १२ मेगाहर्ट्झच्या अंतरावरचा कचरा साध्या फिल्टरने निघत नाही. म्हणून दोन, दोन, तीन असं पायरीने गुणा, १२.०८ वरून २४.१७, मग ४८.३३, मग १४५, आणि प्रत्येक पायरीला ट्यून केलेलं सर्किट ठेवा. आता शेवटच्या पायरीचे शेजारी ४८ मेगाहर्ट्झ लांब गेले, पण त्यातला खालचा ९६.७ वर आहे, म्हणजे लोकांच्या एफएम रेडिओवर, आणि लो-पास फिल्टर फक्त वरचं अडवतो, खालचं खुशाल जाऊ देतो. म्हणून मल्टिप्लायरवाल्या सेटमध्ये पॉवर अॅम्प्लिफायरच्या आधी दोन कॉइलचा बँडपास (फक्त हवा तो पट्टा जाऊ देणारा फिल्टर) लागतोच लागतो.

तिसरा रस्ता आजकाल सगळे घेतात तो, एसआय ५३५१ ही चिप. स्वस्त आहे, फ्रीक्वेन्सी प्रोग्रॅमने ठरते, आणि बाहेर येते निखळ स्क्वेअर. कचऱ्याच्या दृष्टीने ती मल्टिप्लायरपेक्षा बरी, कारण १४५ थेट काढली तर पुढची मोठी रेघ (मोजायच्या स्क्रीनवर प्रत्येक फ्रीक्वेन्सी एक रेघ दिसते) ४३५ ला, भरपूर लांब. अडचण येते मॉड्युलेशनची. नवीन मंडळी काय करतात, ऑडिओ वाचून दर वेळी चिपला नवीन फ्रीक्वेन्सी पाठवायला बघतात. हिशोब करा. आठ रजिस्टर लिहायचे तर पत्त्यासकट दहा बाइट, प्रत्येकी नऊ बिट, म्हणजे ९० बिट, ४०० किलोहर्ट्झच्या बसवर त्याला सव्वादोनशे मायक्रोसेकंद लागतात. सेकंदाला जेमतेम ४४०० वेळा. ३ किलोहर्ट्झपर्यंतच्या आवाजाला निदान ६००० च्या वर पाहिजेत. म्हणजे संथ डिजिटल मोडला चालेल, बोलायला नाही. बोलायचं असेल तर चिपच्या २५ मेगाहर्ट्झच्या रेफरन्सलाच, म्हणजे ज्या मूळ क्लॉकवरून चिप फ्रीक्वेन्सी बनवते त्यालाच, हलवा, बाहेर क्रिस्टल ऑसिलेटर बांधा, त्याला व्हॅरॅक्टर लावा आणि तो चिपला द्या. तिथे ८६२ हर्ट्झ हलवलं की १४५ वर बरोबर ५ किलोहर्ट्झ होतं. साडेचौतीस पीपीएम तो हाच.

व्हीसीओ (व्होल्टेजने फ्रीक्वेन्सी बदलणारा ऑसिलेटर) आणि पीएलएल (त्याला क्रिस्टलशी जुळवून जागेवर धरणारा लूप) हा बाजारातल्या बहुतेक सेटचा रस्ता. साइनच्या जवळची वेव्ह आणि जागेवर राहणारी फ्रीक्वेन्सी, दोन्ही मिळतं. इथे एकच लक्षात ठेवा, ऑडिओ व्हीसीओवर सोडणार असाल तर लूपची बँडविड्थ तुमच्या सगळ्यात खालच्या ऑडिओपेक्षा, म्हणजे ३०० हर्ट्झपेक्षा, बरीच खाली ठेवा. नाहीतर लूपला वाटतं की फ्रीक्वेन्सी चुकतेय आणि तो तुमचा आवाजच दुरुस्त करून टाकतो, मग जाड आवाजाचा माणूस पण चिरका ऐकू येतो.

डीडीएसवाले (आकड्यांवरून थेट वेव्ह बनवणाऱ्या चिपवाले) म्हणतील आमची तर खरी साइन. एडी ९८५० मधून साइन निघते हे खरं, पण १२५ मेगाहर्ट्झ क्लॉकवर ३० काढली की ९५ वर तिची सावली पडते, आणि ती फक्त १० डीबी खाली असते. हे हार्मोनिक नाही, त्यामुळे दुसरी-तिसरीच्या यादीत शोधलंत तर सापडणार नाही. साइन म्हणून फिल्टर नको असं समजू नका. एसडीआर (सॉफ्टवेअरवर चालणारा रेडिओ) बोर्डचंही तसंच, आतलं गणित साइनचं असलं तरी मिक्सर बहुतेक वेळा स्क्वेअरनेच स्विच होतो, तिसरी तिथे परत येते.

पहिल्यांदाच बांधत असाल तर हलवलेल्या रेफरन्सवर एसआय ५३५१ घ्या. शिकायचंच असेल तर क्रिस्टल आणि मल्टिप्लायर, त्यात जेवढं कळतं तेवढं दुसऱ्या कशात कळत नाही.

पायरी ४: ऑडिओ आणि अॅम्प्लिफायर

यात थोडक्यात उरकतो. माइकनंतर प्रीएम्फसिस (वरच्या सुरांना जोर देणारं सर्किट), मग लिमिटर, मग ३ किलोहर्ट्झचा लो-पास, या क्रमाने. लिमिटर प्रीएम्फसिसच्या आधी टाकला तर "स" आणि "श" वर डेव्हिएशन उड्या मारतं. लिमिटरनंतरचा लो-पास गाळला तर लिमिटरने तयार केलेली हार्मोनिक शेजारच्या चॅनलवर जातात.

अॅम्प्लिफायर खुशाल क्लास सी लावा. उंचीत माहिती नाही म्हटल्यावर लीनियर कशाला. ट्रान्झिस्टर थोडाच वेळ चालू राहतो, बॅटरी वाचते, गरम कमी होतो. आणि हे लक्षात घ्या की इतका वेळ जपलेली साइन क्लास सीमध्ये शिरली की तिचा चुराडा होतोच, बाहेर पल्स येतात. म्हणून सुरुवातीच्या ऑसिलेटरमध्ये सुंदर साइनसाठी जीव काढण्यात अर्थ नाही. साइन परत तयार करायची आहे ती इथून पुढे.

पायरी ५: फिल्टर, इथे वेळ द्या

सात भागांचा बटरवर्थ लो-पास, ५० ओहम, कटऑफ १८० मेगाहर्ट्झ. किमती अशा येतात: दोन्ही टोकांचे कपॅसिटर ७.९ पिकोफॅरड, मधले दोन ३२, बाजूच्या दोन कॉइल ५५ नॅनोहेन्री, मधली ८८. बाजारात ८ किंवा ८.२ आणि ३३ मिळतील, चालतात. क्रम असा, कपॅसिटर जमिनीला, कॉइल सरळ, कपॅसिटर जमिनीला, कॉइल सरळ, असं सात होईपर्यंत.

कॉइलला ०.८ मिलिमीटरची एनॅमल तार घ्या आणि ५ मिलिमीटरच्या ड्रिल बिटच्या गुळगुळीत दांड्यावर गुंडाळा. ५५ साठी चार वेढे, ओढून ७ मिलिमीटर लांब करा. ८८ साठी पाच वेढे, लांबी तीच ७. कॉइल एकमेकींना काटकोनात बसवा, एका रांगेत एकाच दिशेने ठेवल्या तर त्या आपसात बोलतात आणि फिल्टर असून नसल्यासारखा होतो. शक्य असेल तर मध्ये पत्र्याच्या भिंती सोल्डर करा. जुन्या तुपाच्या डब्याचा टिन झकास सोल्डर होतो.

या फिल्टरचं गणित केलं तर १४५ ला फक्त ०.२ डीबी जातात, २९० ला २९ डीबी मिळतात आणि ४३५ ला साधारण ५३. तिसरीचं भागलं. पण दुसरी बघा. क्लास सी अॅम्प्लिफायरमधून दुसरी साधारण १५ डीबी खाली निघाली असं धरलं तर १५ आणि २९ मिळून ४४ झाले, लागतात ५०. नापास. म्हणजे स्क्वेअरच्या तिसऱ्याला घाबरून आपण फिल्टर लावला आणि दणका दिला अॅम्प्लिफायरच्या दुसरीने.

उपाय स्वस्त आहे. अॅम्प्लिफायरच्या बाजूचा पहिला ८ चा कपॅसिटर काढा, त्या जागी ५.६ पिकोफॅरड आणि तसलीच अजून एक ५५ ची कॉइल सिरीजमध्ये जमिनीला लावा. ही जोडी २९० च्या आसपास जवळपास शॉर्ट होते आणि दुसरीला गिळून टाकते, आणि १४५ ला तिचा परिणाम साडेसात पिकोफॅरडच्या कपॅसिटरसारखा असतो, त्यामुळे बाकी फिल्टर बिघडत नाही. कॉइल किंचित दाबत-ओढत २९० ची रेघ सगळ्यात खाली आणा. ४३५ ला मात्र थोडी ताकद कमी होते, म्हणून ट्यून केल्यावर तिसरी परत मोजायचीच.

पायरी ६: मोजा, आणि स्कोपवर विश्वास ठेवू नका

माझा पहिला चिपवाला सेट झाला तेव्हा मी १०० मेगाहर्ट्झच्या स्कोपला लावला, स्क्रीनवर इतकी गोल गरगरीत साइन दिसली की फिल्टर नंतर करू म्हणून डमी लोडवर (अँटेनाऐवजी लावायचा रेझिस्टर) दोन दिवस मजेत ऑडिओ जुळवत बसलो. मग एका जुन्या हॅमकाकांनी घरी येऊन एसडीआर लावला आणि ४३५ वरची रेघ दाखवली, १४५ च्या जेमतेम ११ डीबी खाली. स्कोप खोटं बोलत नव्हता, त्याला ४३५ दिसतच नव्हतं. तिसरी वजा केली की स्क्वेअरची साइनच उरते, आणि ती वजाबाकी स्कोपनेच केली होती. काका म्हणाले, "अरे, जे यंत्र बघूच शकत नाही त्याला विचारून काय उपयोग?" तेव्हापासून मी आकार स्कोपवर बघत नाही, रेघा मोजतो. २० मेगाहर्ट्झचा स्कोप तर २५ ची स्क्वेअर पण साइन करून दाखवतो.

मोजायची पद्धत अशी. डमी लोड करा, १ किलोओहमचे अर्ध्या वॅटचे वीस कार्बन फिल्म रेझिस्टर पॅरलल, ५० ओहम आणि १० वॅट, पाय अगदी आखूड ठेवा. लोडच्या गरम टोकाला ४.७ किलोओहम लावून तिथून ५० ओहमच्या मीटरकडे जा, साधारण ४० डीबी कमी होतात, म्हणजे ५ वॅटचा अर्धा मिलिवॅट उरतो. टायनीएसए हा छोटा स्पेक्ट्रम अॅनालायझर असेल तर अजून ३० डीबीचा अटेन्युएटर मध्ये टाका, एसडीआर डाँगल असेल तर ४०. ४.७ ऐवजी १.५ चे तीन एकापुढे एक लावले तर जास्त चांगलं, एकट्या रेझिस्टरच्या अंगच्या कपॅसिटन्समुळे वरच्या फ्रीक्वेन्सी असतात त्यापेक्षा मोठ्या दिसतात.

आता दिसलेली रेघ खरी की मीटरच ओव्हरलोड होऊन ती बनवतोय, हे कसं कळणार? मध्ये अजून १० डीबीचा अटेन्युएटर घाला. रेघ १० ने खाली आली तर ती तुमच्या सेटची. २० किंवा ३० ने आली तर ती मीटरच्या पोटातली, तिच्यासाठी फिल्टर खोलत बसू नका. ही एक चाचणी लोकांचे रविवारच्या रविवार वाचवते.

यादीतली प्रत्येक रेघ बघा, २९०, ४३५, ८७०, आणि मल्टिप्लायर असेल तर ९६.७, १३२.९, १५७.१ सुद्धा.

पायरी ७: डेव्हिएशन लावा

यासाठी महागडं यंत्र लागत नाही. मोबाइलवर टोन जनरेटरचं अॅप घ्या, २०७९ हर्ट्झचा टोन लावा, मॉड्युलेशनचं पॉट (फिरवायचा रेझिस्टर) शून्यावर ठेवा. एसडीआरच्या स्क्रीनवर मध्ये कॅरिअरची एकच रेघ दिसेल. पॉट हळूहळू वाढवा. दोन्ही बाजूंना २०७९ हर्ट्झवर नवीन रेघा उगवतात, मग त्यांच्या पुढे अजून दोन, आणि मधली कॅरिअरची रेघ बुटकी होत जाते. एक क्षण असा येतो की मधली रेघ नाहीशीच होते, दोन्हीकडे रेघा उभ्या आणि मध्ये खड्डा. तिथे थांबा. हे पहिल्यांदा होतं तेव्हा डेव्हिएशन टोनच्या २.४०५ पट असतं, २०७९ ला गुणलं की बरोबर ५ किलोहर्ट्झ. अडीच हवं असेल तर टोन १०४० चा लावा. खड्डा एकदा येऊन गेल्यावर रेघ परत उगवते आणि पुढे पुन्हा नाहीशी होते, म्हणून नेहमी शून्यापासून वर जा, वरून खाली येऊ नका, नाहीतर दुसऱ्याच खड्ड्यात सापडाल. आणि ही चाचणी करताना पातळी लिमिटरच्या खाली ठेवा. नंतर माइक लावून जोरात "आऽऽ" केलं तरी सिग्नल १६ किलोहर्ट्झच्या बाहेर पसरत नाही ना ते बघा.

एवढं झाल्यावर कॉइलवर नेलपॉलिशचा थेंब टाकून त्या जागेवर धरा, वाळू द्या, डबा बंद करा आणि सगळ्या रेघा परत एकदा मोजा, कारण झाकण लावल्यावर २९० गिळणारी कॉइल-कपॅसिटरची जोडी थोडी सरकतेच. आलेले आकडे तारखेसकट कागदावर लिहून तो कागद झाकणाच्या आत चिकटवा. अँटेना त्यानंतर जोडायची.